‘कोणाच्या तोंडाक?’ विचारणारी फार्मसी

गेल्या वर्षी चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली, नाटकाच्या तालमी सुरू झाल्या, तेव्हाची गोष्ट. फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या एका अरुंद फार्मसीत शिरलो आणि म्हणालो, “तोंडाला लावायचं काहीतरी चांगलं द्या. आठ जणांना पुरेल असं.” काउंटरमागच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “कोणाच्या तोंडाक?”

आठ जणांच्या, मी पुन्हा सांगितलं.

“आठ तोंडां आनी एकच बाटली?”

त्यांनी मला काही विकलं नाही. टिश्यू पेपरचं एक पाकीट तेवढं दिलं, त्याचे तीस रुपये घेतले आणि वर गृहपाठ दिला. आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदारानंच परत पाठवायचं, हे मी चोपन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, म्हणून लिहायला बसलो. दुकानाचं नाव देत नाही. बाईंनीच बजावलंय. नाव छापलं तर गोरं व्हायची क्रीम मागणारे दारात उभे राहतील म्हणाल्या.

मी बोरीचा. वीज खात्यात लाइनमन म्हणून अठ्ठावीस वर्षं खांबावर चढलो, आता हाताखाली पोरं आहेत, तरी ऊन काही सुटलेलं नाही. आणि रात्री नाटक. आमच्याकडे देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक नसेल तर देव रागावतो की नाही ठाऊक नाही, गाव नक्की रागावतो. दिवाळीपासून शिगम्यापर्यंत आमच्या मंडळाचे दहा-बारा प्रयोग होतात. मला बहुतेक वेळा औरंगजेब मिळतो. म्हणजे दाढी आली, दाढी म्हणजे ती चिकटवायचा स्पिरिट गम आला, आणि गम म्हणजे पहाटे चार वाजता विहिरीवर उभं राहून स्वतःच्या हनुवटीची सालं काढणं.

आमची रंग उतरवायची पद्धत सांगतो, म्हणजे बाईंचं काम किती अवघड होतं ते कळेल. घाण्याच्या खोबरेलाची एक बाटली, सगळ्यांना एकच. एक जुना पंचा, तोही सगळ्यांना एकच. शेवटी विहिरीच्या कठड्यावर ठेवलेली अंगाच्या साबणाची वडी. पडदा पडला की तेल थापायचं, पंचानं पुसायचं, साबणानं खसाखसा धुवायचं आणि मिळेल त्या गाडीनं घरी. माझ्या बापाच्या पिढीत तर सफेदा, पिवडी आणि हिंगूळ खोबरेलात कालवून फासायचे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज, हे तेव्हा रंगपटात कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आता पॅनकेक आहे, ग्रीस पेंटच्या कांड्या आहेत, पण उतरवायची तऱ्हा तीच राहिली. दर वर्षी शिगम्यापर्यंत कुणाचे गाल फुटलेले, कुणाच्या कपाळावर पुटकुळ्या, कुणाची मान लाल. आम्ही म्हणायचो, रंग बाधला.

तर गृहपाठ. सगळ्यांनी साध्या, सौम्य फेसवॉशनं तोंड धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मग तासभर काहीही लावायचं नाही, हातसुद्धा नाही. तासानं कपाळ, नाक, गाल आणि हनुवटीवर टिश्यूचे वेगवेगळे तुकडे दाबून बघायचे. देवळाच्या अग्रशाळेत तालमीआधी आम्ही हा प्रयोग केला. आठ माणसं भिंतीला टेकून, तोंडं धुऊन, गप्प. पुजाऱ्यांनी दोनदा डोकावून विचारलं, कुणी गेलं का?

यात एक गोम आहे, ती गोव्यात राहणाऱ्यालाच कळेल. आमच्या दमट हवेत तासभर पंख्याशिवाय बसलं तर टिश्यू ओला होतोच, तो घामानं. पंखा लावला तर तेलकट माणूससुद्धा जरा कोरडा भासतो. बाईंनी याचाही तोडगा सांगितला होता: पंखा लांबून, हळू ठेवा आणि टिश्यू लगेच बघू नका. दहा मिनिटं वाळू द्या, मग ट्यूबलाइटसमोर धरा. घामाचा डाग वाळून जातो, तेलाचा राहतो आणि त्यातून उजेड पार दिसतो, भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रासारखा. आमच्यातला हेराची भूमिका करणारा एकवीस वर्षांचा आयटीआयचा पोरगा, त्याचे चारही तुकडे पारदर्शक. सोयराबाई करणारी (ती माझी बायकोच), तिचे चारही कोरडे ठणठणीत, आणि गाल ओढल्यासारखे वाटतात अशी तक्रार. मी तर स्वतःला कोरड्या कातडीचा समजत होतो. कपाळ आणि नाकाचे तुकडे तेलानं माखलेले निघाले, गालांचे साफ. याला मिश्र त्वचा म्हणतात. इतकी वर्षं गाल फुटतात म्हणून मी तोंडभर खोबरेल चोपडत होतो आणि नाकावरच्या काळ्या ठिपक्यांचं खापर खात्याच्या हेल्मेटवर फोडत होतो.

तुकडे लिफाफ्यात घालून, मागे नावं लिहून, मी दुसऱ्या दिवशी दुकानात नेले. बाईंनी ते खरोखर एकेक करून उजेडात धरून पाहिले. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती.

पहिलं म्हणजे त्यांनी साबणाचं वेष्टन माझ्यापुढे उलटं केलं. टीएफएम हा आकडा मी जन्मात वाचला नव्हता. साबणात चरबीचा अंश किती ते त्यावरून कळतं: ७६ टक्के किंवा वर असेल तर पहिल्या दर्जाचा, ७० असेल तर दुसरा, ६० असेल तर तिसरा. आणि वेष्टनावर ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल तर ती वडी या टॉयलेट सोपच्या दर्जांत बसतच नाही, तिच्यात हा अंश आणखी कमी चालतो. आमच्या विहिरीवरची वडी, तुम्ही ओळखलंच असेल, बेदिंग बार होती. मी म्हटलं, मग पहिल्या दर्जाचा द्या. तर त्या म्हणाल्या की अंगाला तो ठीक, तोंडाला तोही नको. साबण कितीही चांगला असला तरी त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात, आणि आपली कातडी असते पाचच्या आसपास, जराशी आंबट. रोज खसाखसा धुतलं की वरचा थर उघडा पडतो. त्यांनी सिंडेट म्हणून असतो तो बार दिला. दिसतो साबणासारखा, पण साबण नव्हे. फेस कमी येतो आणि पहिले चार दिवस तोंड धुतल्यासारखंच वाटत नाही. बायकोला वाटलं फसवलं. पाचव्या दिवशी तिचे गाल ओढायचे थांबले, मग काही बोलली नाही. आमच्या घरात यालाच प्रशस्तिपत्रक म्हणतात.

बायकोला आणखी एक जाड क्रीम मिळालं, सिरॅमाइड आणि ग्लिसरीनचं, वास नसलेलं. क्रीमपेक्षा ते कधी लावायचं यावर बाईंचा जोर जास्त. आंघोळ झाल्यावर दोन-तीन मिनिटांत, अंग जरा ओलसर असतानाच. कातडी वाळून कोरडी ठक्क झाल्यावर लावाल तर आत कोंडायला पाणीच उरत नाही. टाचांना काय, असं विचारलं तर महागडं काही काढतील असं मला वाटलं होतं. म्हणाल्या, घरात भिरंडेल आहे ना? तेच लावा, वर मोजे घाला. कोकमाच्या बियांचं ते थिजलेलं गोळ्यासारखं तेल माझी आई चुलीजवळच्या फळीवर ठेवायची. फार्मसीवाल्या बाईनं आपला माल सोडून भिरंडेल सांगावं, हे ऐकून मी दुकानाचा कायमचा गिऱ्हाईक झालो.

हेराची कथा थोडी महागात पडली. तेलकट कातडी, हनुवटीवर पुटकुळ्या, आणि वर आमचं ते सार्वजनिक खोबरेल. पुटकुळ्या येणाऱ्या तोंडाला खोबरेल म्हणजे मोरीत भाताची पेज ओतण्यासारखं, हे बाईंचे शब्द. त्याला रंग उतरवायला मायसेलर वॉटर दिलं, कापसावर घेऊन पुसायचं आणि मग जेलसारख्या फेसवॉशनं एकदाच धुवायचं. तो दिवसातून सहा वेळा तोंड धुवायचा, ते दोनवर आणलं. तेलकट असला तरी हलकं जेल मॉइश्चरायझर लावायलाच लावलं. ते त्याला शेवटपर्यंत पटलं नाही, पण लावतो. पुटकुळ्यांना बेन्झॉइल पेरॉक्साइड, अडीच टक्क्यांचं. मी विचारलं, दहा टक्क्यांचं का नको, लवकर जातील. तर अडीचनं जवळजवळ तितकंच काम होतं आणि आग कमी होते, असं उत्तर आलं. शिवाय फरक दिसायला दोन-तीन महिने जाणार, आठवड्यानं येऊन माझ्याशी भांडू नका, हेही.

एक सूचना मात्र पोरानं कानाआड केली: हे औषध कपड्याचा रंग खातं. त्यानं ते मानेवर चोपडलं आणि तसाच, नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीवाल्याचा हिरवा मखमली अंगरखा चढवला. दुसऱ्या अंकापर्यंत कॉलरवर पिवळट-पांढरा नकाशा उमटला होता. ड्रेपरीवाल्यानं साडेचारशे रुपये कापले. प्रेक्षकांना वाटलं हेर लांबून घोडा दौडवत आलाय, घाम फुटलाय.

येसूबाई करणारी आमची बालवाडीची शिक्षिका. तिची कातडी तेलकट नाही, कोरडी नाही, नुसती रागीट. उटणं लावलं की खाज, अत्तराचा वास लागला की पुरळ. दिवाळीच्या पहाटे कारीट फोडून झाल्यावर घरचे सगळे उटणं लावून बसतात आणि ही एकटी कोमट पाण्यानं आंघोळ करते. त्यात तिनं कुठंतरी पाहून मानेवरचा काळेपणा घालवायला लिंबाचा रस चोळला आणि दुपारी मुलांना घेऊन वनभोजनाला गेली. दुसऱ्या दिवशी मानेवर भाजल्यासारखे पट्टे, नंतर महिना-दोन महिने काळे डाग. लिंबाच्या रसात अशी द्रव्यं असतात की त्यांच्यावर ऊन पडलं तर कातडी पोळते. म्हणजे काळेपणा घालवायला गेली आणि काळेपणा घेऊन आली. हिला बाईंनी सगळ्यांत कमी वस्तू दिल्या, दोनच. आणि बाटली घेताना वेष्टनावर ‘फ्रॅग्रन्स फ्री’ असं पाहून घ्यायला सांगितलं, ‘अनसेंटेड’ नव्हे, कारण ‘अनसेंटेड’मध्ये वास दाबायला कधीकधी दुसरा वास घातलेला असतो. कुठलीही नवी वस्तू, आमचा ग्रीस पेंटसुद्धा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून पाहायची. आता आमचा मेकअपवाला प्रयोगाच्या आठवडाभर आधी तिच्या हातावर रंगाचा टिकला लावून जातो. तो वैतागतो, पण जातो.

आता ज्याच्यासाठी मी या दुकानाला मानतो, ती गोष्ट. कवी कलश करणारा आमचा सत्तावीस वर्षांचा गडी पणजीत हॉटेलच्या रिसेप्शनवर असतो. दिसायला उजळ, गाल गुलाबी. आम्ही त्याची चेष्टा करायचो की तुला रंग कशाला, नुसता पगडी घाल. दिव्यांखाली मात्र त्याचं तोंड भाजायचं, पहिल्याच प्रवेशात डोळ्यांत पाणी. टिश्यूच्या वेळी तो म्हणाला, तोंड धुऊन तासभर काही न लावता मला बसवतच नाही, आग होते. मी हे सहज बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी हातातलं बिल खाली ठेवलं. “ताका हांगा हाडा.”

आणला. त्यांनी त्याला दुकानाच्या दाराशी उजेडात उभं केलं, गालावरच्या बारीक लाल शिरा पाहिल्या, ओठावरची वाढलेली लव पाहिली आणि विचारलं, कुठलं मलम, किती वर्षं? त्यानं खिशातून ट्यूब काढली. दोन वर्षं रोज रात्री. कुठल्याशा दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली होती, गोरं होतं म्हणून. बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं त्यालाच मोठ्यानं वाचायला लावली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिसरं नाव स्टिरॉइडचं. अशी मलमं डॉक्टर देतात ती ठरावीक आजाराला, थोड्या आठवड्यांसाठी. रोज लावत राहिलं की सुरुवातीला तोंड उजळतं, मग कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, ऊन सोसत नाही, आणि सोडलं की दुप्पट भडकतं, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. स्टिरॉइडच्या कित्येक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री २०१८ सालीच बंद झालीय, कागदावर.

त्यानं विचारलं, याच्या बदल्यात दुसरं काय देता? काही नाही, त्या म्हणाल्या. स्वतःच्या मनानं एकदम बंदही करू नको, उद्या सकाळी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग ओपीडीत जा आणि ही ट्यूब बरोबर ने, दाखवायला लाजू नकोस. पोरगा शरमेनं तांबडा झाला होता, का आधीचाच तांबडा होता, सांगता येणार नाही. गेला मात्र. डॉक्टरांनी कसं उतरवत आणलं ते तपशिलात मला ठाऊक नाही, पण त्या हंगामात तो रंगमंचावर आला नाही. मधले दोन महिने वाईट गेले, तोंड सुजायचं, नोकरीवर मास्क लावून जायचा. यंदा आलाय. पूर्वीपेक्षा सावळा दिसतो, आणि दिव्यांखाली पूर्ण अंक उभा राहतो.

उन्हाचं राहिलं. खांबावर चढणाऱ्या माणसाला सनस्क्रीन हा शब्द बायकी वाटतो, मलाही वाटायचा. बाईंनी माझ्या हाताचं मनगट उलटं केलं, आतला रंग आणि बाहेरचा रंग शेजारी शेजारी दाखवला आणि म्हणाल्या, हे खात्यानं दिलंय, देवानं नव्हे. एसपीएफ ३० नीट लावलं तर जाळणारे यूव्हीबी किरण ९७ टक्क्यांच्या आसपास अडतात, ५० नं ९८. म्हणजे आकड्यापेक्षा लावण्यात फरक. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांच्या लांबीभर ओढलेली रेघ, एवढं तोंडाला आणि मानेला लागतं. आम्ही लावतो वाटाण्याएवढं. वर दर दोन तासांनी पुन्हा, घाम आला तर त्याआधी. डाग पडतात ते यूव्हीए किरणांनीही, त्याला वेष्टनावर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं बघायची. येसूबाईला झिंक ऑक्साइडचं दिलं, कारण रागीट कातडीला ते सोसतं. लावल्यावर ती पांढुरकी दिसते. दिसणारच, आमच्या रंगपटातला पांढरा सफेदा तोच की.

इथंच दुकानाविषयीची माझी खरी तक्रार. मला पहिल्यांदा दिलेलं सनस्क्रीन क्रीमचं होतं. मार्गशीर्षात चाललं. चैत्रात ढवळीजवळ खांबावर असताना ते घामाबरोबर वितळून डोळ्यांत उतरलं. हातात पकड, कमरेला पट्टा आणि डोळे मिटलेले, अशा अवस्थेत मी बाईंची आठवण काढली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. माणूस काय काम करतो ते माझ्या बाबतीत त्यांना माहीत होतं, तरी घामाचा विचार केला नाही. नंतर जेलचं, पाण्यात टिकणारं दिलं आणि डोळ्यांभोवती लावायला कांडी. चूक कबूल केली, पण उघडलेली पहिली ट्यूब परत घेतली नाही. ती बायको वापरते, म्हणजे पैसे घरातच राहिले.

बाकी उणिवा आहेतच. दुकानात तीन माणसं उभी राहिली की चौथ्यानं रस्त्यावर थांबायचं. सिंडेट बार एकाच प्रकारचा ठेवतात, आणि चवथीच्या आधी संपला तर पंधरा दिवस येत नाही. एकेकाला इतकं समजावतात की तापाची गोळी घ्यायला आलेला माणूस तापासकट उभा राहतो. औषधं सोडून नुसतं सौंदर्यप्रसाधनांचं दुकान हवं असेल तर मडगाव-पणजीत याहून मोठी, थंडगार, नमुना लावून बघू देणारी दुकानं आहेत. इथं नमुना मिळत नाही, प्रश्न मिळतात. आठ जणांचं मिळून माझं बिल झालं ३,२६० रुपये, आणि मी मनात धरलं होतं ६,०००. खोबरेलाची बाटली मंडळात अजून आहे. ती आता सोयराबाईच्या मालकीची, आणि माझ्या दाढीच्या गमासाठी, कारण गम तेलानं भिजवून पाच मिनिटं थांबलं तर ओढावा लागत नाही. पाच मिनिटं थांबायचं हे मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पंचे आठ झाले, प्रत्येकाचा वेगळा, कोपऱ्यात नाव भरलेलं.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, रविवारी पूर्ण बंद. गाडी तिस्काच्या नाक्यावर ठेवून चालत जा. आणि जाताना तोंड धुऊन जा. पावडर, क्रीम काहीही लावून गेलात तर बाई समोरच्या नळावर पाठवतात. मला पाठवलं होतं, कपाळावर बुक्क्याची रेघ होती तर तीसुद्धा पुसायला लावली.